जुनी टर्बो हॅचबॅक घेताय? आधी तिने सोसलेली उष्णता बघा

पुण्यात जुनी गाडी बघायला निघालेल्या माणसाचे पहिले दोन प्रश्न ठरलेले असतात: किती चालली आहे, आणि कितवा ओनर? स्विफ्ट किंवा वॅगन आर घेताना एवढ्यावर बरंचसं काम भागतं. पण पोलो जीटी टीएसआय, अबार्थ पुंटो, बलेनो आरएस, टियागो जेटीपी, आय-ट्वेंटी एन लाइन, अल्ट्रोझ रेसर अशी, दिसायला घरगुती आणि बॉनेटखाली टर्बो असलेली गाडी घ्यायची असेल तर हे दोन प्रश्न फारसं काही सांगत नाहीत. तीस हजार किलोमीटरची गाडी आतून संपलेली असू शकते आणि नव्वद हजारांची ठणठणीत. या गाड्या किलोमीटरने झिजतात त्यापेक्षा तापण्याने जास्त झिजतात. इंजिन, क्लच आणि ब्रेक किती वेळा तापले आणि तापल्यावर मालकाने काय केलं, हे शोधून काढणं म्हणजेच अशी गाडी तपासणं.

पुणेकरांना या शोधात एक सोय आहे. पोलो २०२२ पर्यंत आपल्या चाकणला बनत होती आणि अबार्थ पुंटो रांजणगावच्या कारखान्यातून बाहेर पडायची. त्यामुळे या इंजिनांवर हात बसलेला फिटर शहरात शोधला तर सापडतो. गाडी शोधायच्या आधी तो शोधा. गाडी बघायला जाताना त्याला दिवसाचे पैसे देऊन बरोबर न्यायचं, आणि त्याने नको म्हटलं तर ऐकायचं.

टर्बो म्हणजे एकाच दांड्यावर बसवलेले दोन पंखे. इंजिनातून बाहेर पडणारा तप्त धूर एक पंखा फिरवतो आणि दांड्याच्या दुसऱ्या टोकाचा पंखा बाहेरची हवा दाबून इंजिनात भरतो. हवा जास्त आली की पेट्रोलही जास्त जाळता येतं, म्हणून छोटं इंजिन मोठ्याइतका जोर देतं. पोलो जीटी टीएसआय २०१३ मध्ये आली तेव्हा तिचं १.२ लिटरचं इंजिन १०५ पीएस ताकद आणि १७५ न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे चाकं फिरवणारा जोर, देत होतं. २०१५ च्या अबार्थ पुंटोचं १.४ लिटरचं टी-जेट तर १४५ पीएस आणि २१२ न्यूटन मीटर द्यायचं. हे सगळं ज्या दांड्याच्या जिवावर चालतं तो मिनिटाला दोन लाखांच्या आसपास फेरे घेऊ शकतो, आणि बहुतेक टर्बोंमध्ये तो तेलाच्या पातळ थरावर तरंगत फिरत असतो. तेल पातळ झालं, जुनं झालं किंवा पोचलं नाही, की दांडा धातूवर घासायला लागतो.

आता समजा, कोणी सिंहगडचा घाट जोरात चढून आला आणि वर पोचताच गाडी बंद करून भजी खायला गेला. तेलाचा पंप त्या क्षणी थांबला, पण टर्बो अजून प्रचंड तापलेला आहे. आत अडकलेलं तेल कढईच्या बुडाला करपावं तसं करपतं आणि काळा, कडक थर धरतं. असं वर्षभर झालं की तेलाची बारीक वाट अरुंद होत जाते. बऱ्याच नव्या इंजिनांत गाडी बंद झाल्यावरही टर्बोभोवती पाणी फिरवत राहणारा छोटा विजेचा पंप असतो. त्याने धोका कमी होतो, जात नाही. म्हणून मालकाशी गप्पा मारताना सहज विचारा, “घाटातून आल्यावर लगेच बंद करता का?” जाणकार मालक सांगेल की शेवटचे दोन-तीन किलोमीटर हळू चालवतो, किंवा मिनिटभर तशीच सुरू ठेवतो. प्रश्नच कळला नाही, तर तेही उत्तरच आहे.

तेल बदलल्याची बिलं याच कारणासाठी मागायची. कंपनीने पंधरा हजार किलोमीटरचं अंतर दिलं असलं तरी हिंजवडी-वाकडच्या रांगेत रोज तास-दीड तास घालवणाऱ्या गाडीला ते फार लांब पडतं, कारण मीटर पुढे सरकत नसताना इंजिन चालूच असतं. सात-आठ हजाराला तेल बदलणारा आणि बिलावर तेलाचा ग्रेड लिहून घेणारा मालक मिळाला तर दहा-वीस हजार जास्त द्यायला मागेपुढे पाहू नका.

इथे एक रूढ समजूत बाजूला ठेवावी लागते. आपल्याकडे ‘डॉक्टरांची गाडी, फक्त घर ते क्लिनिक’ हे वाक्य ऐकलं की माणूस निर्धास्त होतो. टर्बो पेट्रोल गाडीच्या बाबतीत मी उलट सावध होतो. कोथरूडहून डेक्कनपर्यंत गेली, बंद झाली, संध्याकाळी परत आली, एवढंच जिचं आयुष्य आहे त्या गाडीचं तेल कधी पुरेसं तापतच नाही. थंड इंजिनात न जळलेलं थोडं पेट्रोल तेलात उतरतं, ते उडून जायला लागणारी उष्णता मिळत नाही आणि तेल पातळ होत जातं. दुसरी गोष्ट कार्बनची. जुन्या पद्धतीच्या इंजिनात पेट्रोल व्हॉल्व्हच्या आधी फवारलं जातं, त्यामुळे व्हॉल्व्ह आपोआप धुतले जातात. पोलोचं टीएसआय, बलेनो आरएसचं बूस्टरजेट किंवा एन लाइनचं १ लिटर टर्बो यांत पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये जातं. व्हॉल्व्हच्या मागच्या बाजूला पेट्रोल लागतच नाही, आणि तिथे तेलाच्या वाफेची काजळी साचत राहते. मग सकाळी गाडी थरथरते, पिकअप मंदावतो. पेट्रोलमध्ये मिसळायची क्लीनरची बाटली त्या जागी पोचूच शकत नाही. वरचा भाग उघडून व्हॉल्व्ह साफ करावे लागतात. अबार्थचं टी-जेट मात्र जुन्या पद्धतीने पेट्रोल घेतं, तिला हा त्रास नाही. तेव्हा आठवड्यातून एकदा साताऱ्यापर्यंत मोकळी धावलेली गाडी ही रोज चार किलोमीटर चाललेल्या गाडीपेक्षा निरोगी असण्याची शक्यता बरीच.

इंजिनाची खरी तपासणी पहिल्या तीस सेकंदांत होते, आणि ते तीस सेकंद इंजिन पूर्ण थंड असतानाच मिळतात. भाच्याबरोबर वाकडला अशीच एक गाडी बघायला गेलो होतो. चकाचक गाडी, मालकही बोलायला चांगला. बॉनेटवर हात ठेवला तर कोमट. “आत्ताच धुऊन आणली, काका,” तो म्हणाला. “हरकत नाही, उद्या सकाळी सातला येतो, तोवर सुरू करू नका,” असं सांगून आम्ही निघालो. दुसऱ्या दिवशी भाच्याला आत बसवलं आणि मी बॉनेट उघडून टायमिंगच्या बाजूला, म्हणजे व्हॉल्व्ह वेळेवर उघडणारी चेन किंवा बेल्ट असतो तिथे, उभा राहिलो. चावी फिरवताच सुटा खडखडाट झाला आणि दोन-तीन सेकंदांत विरला. चेनवर चालणाऱ्या इंजिनात असा आवाज आला की चेन ताणून धरणारा भाग किंवा चेनच थकलेली असण्याचा संशय घ्यायचा. तेलाचा दाब आला की आवाज लपतो, त्यामुळे गरम गाडीवर आम्हाला तो ऐकूच आला नसता. भाचा मागे एक्झॉस्टजवळ जाऊन बघून आला, धूर नव्हता. चेनचं काम धरून भाव सांगितला, मालकाला पटला नाही, आम्ही परत आलो.

त्याच वेळी तेल भरायचं झाकण उघडून आत टॉर्च मारून बघा. मधासारखा तपकिरी रंग ठीक. काळा, चिकट गाळ दिसला तर तेल वेळेवर बदललेलं नाही. पाण्याच्या टाकीतलं कूलंट स्वच्छ हवं. त्यात तेलाचा तवंग किंवा साधं नळाचं पाणी भरलेलं दिसलं तर निघा.

गिअरबॉक्सवर थोडं थांबायला हवं, कारण पैशाचा सगळ्यात मोठा खड्डा तिथेच पडतो. पोलो जीटी टीएसआयच्या २०१३ पासूनच्या १.२ लिटर गाड्यांत डीएसजी नावाचा सात गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आहे. त्यात दोन क्लच असतात: एक विषम गिअर सांभाळतो, दुसरा सम. तुम्ही दुसऱ्या गिअरवर असता तेव्हा तिसरा आधीच लावून ठेवलेला असतो, म्हणून बदल इतका झटपट होतो. पण हे क्लच कोरडे आहेत, तेलात बुडालेले नाहीत. विद्यापीठ चौकात गाडी फूटभर सरकते, थांबते, पुन्हा सरकते, तेव्हा क्लच पूर्ण धरत नाही आणि पूर्ण सोडतही नाही; तो घासत राहतो. घासण्यातून उष्णता होते आणि ती काढून न्यायला तेल नाही. दोन्ही क्लच चालवणारा मेकॅट्रॉनिक नावाचा भागही या गिअरबॉक्सचा नाजूक अवयव. चीनमध्ये २०१३ साली पोलो बनवणाऱ्या फोक्सवॅगनने सात गिअरच्या डीएसजीच्या तक्रारींवरून सुमारे ३ लाख ८४ हजार गाड्या परत बोलावल्या होत्या. याचा अर्थ प्रत्येक डीएसजी वाईट असा नाही. नीट चाललेल्या कितीतरी आहेत. पण दुरुस्ती निघाली की आकडा लाखाच्या भाषेत जाऊ शकतो, म्हणून तपासणी नीट व्हायला हवी. २०२० पासूनच्या १ लिटर टीएसआयमध्ये सहा गिअरचा मॅन्युअल किंवा टॉर्क कन्व्हर्टरचा, म्हणजे कोरड्या क्लचऐवजी तेलातून जोर पोचवणारा, साधा ऑटोमॅटिक आहे. शहरातच चालवायची असेल तर मी डोळे झाकून त्यातली घेईन. एन लाइनच्या ऑटोमॅटिकमध्येही दोन क्लच आहेत, तिथेही हीच काळजी.

ट्रायल त्यामुळे मोकळ्या रस्त्यावर घेऊन उपयोग नाही. आधी गर्दीत घ्या. वीस मिनिटं रांगेत रांगू द्या आणि पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये ब्रेक हलकेच सोडत गाडी आपोआप सरकू द्या. पायाला आणि सीटला थरथर जाणवली, किंवा दुसरा गिअर पडताना धक्का बसला, तर क्लच थकलाय. चढावर थांबवून रिव्हर्स टाका. मागे जाताना घसरण किंवा उशीर होतो का ते बघा. मग घाट. दक्षिणेला राहत असाल तर कात्रजचा जुना घाट, चांदणी चौकाच्या बाजूला असाल तर भूगावच्या पुढचा पिरंगुट घाट, कोंढव्याकडून बोपदेव. चढताना तिसऱ्या गिअरमध्ये पाय पूर्ण दाबला की जोर एकसलग यायला हवा. मध्येच अडखळणं म्हणजे प्लग, कॉइल किंवा कार्बन. सुस्स असा हवा निसटल्याचा आवाज आणि जोर कमी म्हणजे दाबलेली हवा कुठल्यातरी पाइपातून गळते आहे. सायरनसारखा वाढत जाणारा चिरका आवाज म्हणजे टर्बोचा दांडा सैल होत चाललाय. उतरताना दुसऱ्या गिअरमध्ये पाय पूर्ण उचलून येऊ द्या, खाली आल्यावर एकदम दाबा आणि मागून येणाऱ्या मित्राला धूर बघायला सांगा. निळसर धूर दिसला तर तेल जळतंय. उतारावर ब्रेक मारताना पेडल पायाखाली थडथडत असेल तर डिस्क तापून वाकड्या झाल्यात.

या गाड्यांच्या बाजारात एक शब्द कायम ऐकू येईल, रीमॅप. इंजिनाचा कॉम्प्युटर किती हवा दाबायची, किती पेट्रोल द्यायचं, ठिणगी कधी टाकायची हे ठरवतो. रीमॅप म्हणजे त्यातले आकडे बदलून जास्त जोर काढणं. नुसतं सॉफ्टवेअर बदललं तर ‘स्टेज वन’. एअर फिल्टर, एक्झॉस्टचे पाइप बदलून, कधी धूर साफ करणारं कॅटलिस्टच काढून टाकून केलं तर ‘स्टेज टू’. जोर वाढला की उष्णता वाढते, आणि ती सोसणारे भाग तेच राहतात. कोरड्या क्लचचा तो डीएसजी २५० न्यूटन मीटरसाठी बनवलेला आहे; रीमॅपने जोर त्या रेषेपर्यंत नेला की क्लचला उसंत उरत नाही.

कायद्याचंही लक्षात घ्या. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने ठरवलेल्या मूळ तपशिलात बदल करता येत नाहीत. अपघात झाला आणि न कळवलेला बदल सापडला, तर विमा कंपनीला दावा नाकारायला कारण मिळतं. कॅटलिस्ट काढलेली गाडी मी कितीही स्वस्त असली तरी घेणार नाही. ती धुराचं प्रदूषण सगळ्या शहरावर टाकते आणि पीयूसीच्या वेळी दर वर्षी लपवाछपवी करावी लागते.

विकण्याआधी बरेच जण गाडी पुन्हा ‘स्टॉक’, म्हणजे मूळ होती तशी, करतात. तरी खुणा राहतात. पाइपांच्या क्लॅम्पवर ताजे ओरखडे, एअर बॉक्सचे नवे स्क्रू, डॅशबोर्डवर जादा मीटर बसवल्याची भोकं, एक्झॉस्टवर वेल्डिंग. काही कंपन्यांचे कॉम्प्युटर आपल्यावर किती वेळा सॉफ्टवेअर लिहिलं गेलं याची नोंद ठेवतात, आणि ती अधिकृत सर्व्हिस सेंटरच्या मशीनवर वाचता येते. तिथे शंभर रुपये वाचवू नका, पूर्ण स्कॅन करून घ्या. स्कॅनमध्ये आणखी एक गोष्ट बघायची असते. विकणाऱ्याने आदल्या रात्री चेक इंजिनचा दिवा पुसून टाकला असेल तर ‘फॉल्ट नाही’ असंच येणार. पण फॉल्ट पुसले की गाडीच्या स्वतःच्या चाचण्याही शून्यापासून सुरू होतात, आणि स्कॅनर त्या अपूर्ण दाखवतो. रोज चालणाऱ्या गाडीत एकापेक्षा जास्त चाचण्या अपूर्ण दिसल्या तर कारण विचारा. किलोमीटरही असेच पडताळता येतात. मीटर मागे केलं तरी इतर कॉम्प्युटरमधल्या नोंदी आणि जुनी बिलं बऱ्याचदा खरा आकडा सांगून जातात.

मॉडेलनिहाय थोडक्यात. अबार्थ चालवायला विलक्षण आहे, पण ती सोबत जबाबदारी घेऊन येते. कंपनीने कागदावर शंभरचा वेग ८.८ सेकंदांत गाठण्याचा दावा केला होता आणि गाडी तो खरा वाटावा अशीच धावते. मात्र ती बनवणाऱ्या फियाटने इथला गाड्यांचा व्यवसाय आवरला. इंजिनाचे काही भाग फियाटच्याच लिनिया टी-जेटशी जुळतात, साध्या पुंटोचेही बरेच चालतात. फक्त अबार्थलाच लागणारी वस्तू मात्र शोधत बसावी लागते. दाराशी दुसरी गाडी असेल तरच घ्या. तिच्या इंजिनाला टायमिंग बेल्ट आहे, तो कधी बदलला याचं बिल नसेल तर नवा टाकायचा खर्च किमतीतून वजा करा. बलेनो आरएस रोजच्या वापराला सगळ्यात सोयीची, पण एप्रिल २०२३ मध्ये मारुतीने ब्रेकला मदत करणाऱ्या व्हॅक्युम पंपासाठी ७,२१३ आरएस परत बोलावल्या होत्या. चासी नंबर देऊन ते काम झालंय का हे सर्व्हिस सेंटरला विचारा. टियागो जेटीपी २०१८ ची, ११४ पीएसची. अंगावरचे पत्रे साध्या टियागोचे मिळतात, खास जेटीपीचे भाग मिळवताना दमछाक होते. अल्ट्रोझ रेसर २०२४ ची, अजून तरुण.

पाण्यात बुडालेल्या गाडीची भीती पुण्यात खोटी नाही. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याने आणि जुलै २०२४ मध्ये मुठेच्या पाण्याने सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत पार्किंगं भरली होती. सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा, आतल्या टोकाला मातीची रेघ राहते. स्टेपनीखालच्या खळग्यातही हात घाला.

टायरच्या बाजूवर चार आकडे असतात: पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. ‘२३२१’ म्हणजे २०२१ चा तेविसावा आठवडा. चारही टायर वेगवेगळ्या कंपन्यांचे स्वस्तातले असतील, तर तेल आणि ब्रेकच्या बाबतीतही मालकाने हात आखडलाच असेल असं समजा. उघड दिसणाऱ्या जागी कंजुषी करणारा न दिसणाऱ्या जागी खर्च करत नाही.

ई-चलानची यादी बघायला लोक फक्त दंड थकलाय का म्हणून जातात. मी ती मालकाची ओळख म्हणून वाचतो. गाडीचा नंबर आणि चासीचे शेवटचे आकडे टाकले की वाहतूक विभागाच्या संकेतस्थळावर ती दिसते. नो पार्किंगची दोन चलानं सोडून द्या. पण द्रुतगती मार्गावर वेगमर्यादा ओलांडल्याची रांगच लागली असेल, तर ‘आम्ही आरामात चालवतो’ या बोलण्याला किती वजन द्यायचं ते तुमचं तुम्हाला कळेल.

कागदांत मुख्य आरसी. गाडीवर कर्ज असेल तर बँकेचं एनओसी आणि आरसीवरची कर्जाची नोंद काढायचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नका. टोकन द्या, लिहून घ्या. नाव बदलायला फॉर्म २९ आणि ३० लागतात. गाडी विकल्याचं विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचं आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आपल्या नावावर करायची असते. दिल्लीची डिझेल पोलो जीटी फार स्वस्त दिसते, कारण तिथे दहा वर्षांपुढच्या डिझेल गाड्यांवर बंधनं आहेत. पण ती इथे आणायला फॉर्म २८ चं एनओसी आणि महाराष्ट्राचा कर लागतो. तो खर्च धरून हिशोब केला की स्वस्ताई बरीच आटते. १ एप्रिल २०१९ च्या आधी नोंदलेली गाडी असेल तर नवी सुरक्षा नंबर प्लेट बसवली आहे का बघा. विक्रेता डीलर असेल तर त्याच्याकडे परिवहन विभागाचं अधिकृत प्रमाणपत्र मागा. एप्रिल २०२३ पासून तशी व्यवस्था आहे.

विम्याबद्दल एक गैरसमज फार पसरलेला आहे. आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळालेली सूट, गाडीबरोबर येत नाही. तो माणसाचा असतो, गाडीचा नाही. पॉलिसी नावावर करताना तो फरक तुम्हाला भरावा लागतो. आणि गाडी घेतल्यापासून १४ दिवसांत विमा कंपनीकडे अर्ज करा. थर्ड पार्टीचं संरक्षण गाडीबरोबर येतं, पण पॉलिसी नावावर होण्याआधी तुमच्याच गाडीचं नुकसान झालं तर पैसे मिळवताना अडचण येते.

गाडीची किंमत ठरवताना तिच्या पंधरा-वीस टक्के रक्कम वेगळी ठेवा, आणि ती नसेल तर एक पायरी खालची गाडी बघा. घरी आणल्यावर पहिल्या आठवड्यात मालक काहीही म्हणाला असला तरी इंजिन ऑइल, सगळे फिल्टर, प्लग, कूलंट आणि ब्रेक ऑइल बदला. २०१५-१६ ची गाडी असेल तर फिटरला पेट्रोलच्या रबरी नळ्याही तपासायला सांगा, कारण आता पंपावर येणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि त्या काळच्या नळ्या त्यासाठी बनवलेल्या नव्हत्या. नळीला बारीक भेगा किंवा पेट्रोलचा वास आला तर ती त्याच दिवशी बदलून घ्या.